फोन माझा, किल्ली कुणाची?

(भिवंडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)



आजचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, आयुष्यभर तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता मोबाइल रूट करण्यावर बोलणार?" मी म्हटलं, होय. कारण प्रश्न मोबाइलचा दिसतो, पण तो मालकीचा आहे. वस्तू विकत घेतली म्हणजे ती माझी झाली का? माझी झाली म्हणजे नेमकं काय झालं? आणि माझ्याच वस्तूवर माझा किती अधिकार असावा हे ठरवणारा कोण? हे प्रश्न जुने आहेत. फक्त आता ते खिशात आलेत.

तेव्हा आजचा प्रश्न सरळ मांडतो. अँड्रॉइड फोन रूट करणं आजच्या घडीला शहाणपणाचं उरलं आहे का? मी शेवटी याचं हो किंवा नाही असं उत्तर देणार आहे. 'दोन्ही बाजूंना तथ्य आहे' म्हणून चहाला जाणार नाही. (हशा) पण उत्तराइतकंच ते उत्तर कशामुळे आलं हेही महत्त्वाचं आहे, म्हणून थोडी वाट चालावी लागेल.

रूट म्हणजे काय

ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं सबुरी धरावी. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीचं काम सुरू झालं. संगणक एक, वापरणारे अनेक. म्हणून प्रत्येकाला मर्यादित मुभा, आणि एक वापरकर्ता असा की ज्याला काहीच मना नाही. त्याचं नाव रूट. म्हणजे मूळ. लिनक्स त्याच घराण्यातलं, आणि अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभं आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला.

अँड्रॉइडवाल्यांनी एक हुशारी केली. फोन वापरणारा माणूस एकच असतो. मग अनेक वापरकर्त्यांची ती जुनी व्यवस्था वापरायची कुठे? तर त्यांनी प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र वापरकर्ता मानलं. चाळीसारखं बघा. प्रत्येक ॲपला एक खोली, शेजारच्या खोलीत डोकावायचं नाही. रचना उत्तम आहे, तिच्यात मी खोट काढत नाही. पण पैसे मोजून फोन घेणारे तुम्ही, तुमची या चाळीत जागा कोणती? तुम्ही सन्माननीय भाडेकरू. गॅलरीत फिरा, भिंतीला रंग द्या, कुंड्या ठेवा. जिन्याखालच्या त्या कुलूपबंद खोलीची किल्ली मात्र तुमच्याकडे नाही. ती फोन बनवणाऱ्या कंपनीकडे. रूट करणं म्हणजे ती किल्ली मिळवणं.

ती मिळते कशी? फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. तो दारावरचा पहारेकरी. पुढे येणाऱ्या प्रत्येकाची सही तपासूनच तो आत सोडतो. आधी त्याला सांगावं लागतं की यापुढे सही तपासू नकोस. असं सांगताक्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर चोरलेला फोन कुणीही उघडून वाचला असता. त्यानंतर मॅजिस्कसारखी सामग्री वापरून मुळाचा ताबा घेतात. सॅमसंगच्या फोनमध्ये तर नॉक्स नावाचा एक फ्यूज असतो. अधिकृत नसलेली प्रणाली टाकली की तो उडतो, आणि परत बसत नाही. मग सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद. यंत्रमागाच्या गावात फ्यूज उडणं म्हणजे काय, हे मी समजावण्याची गरज नाही. (हशा) शाओमीने कित्येक मॉडेलांना कुलूप उघडण्याआधी १६८ तास, म्हणजे सात दिवस, थांबायला लावलं. आणि काही कंपन्या तर किल्ली देतच नाहीत.

मराठी दिसावी म्हणून

रूट करणारे म्हणजे उचापती पोरं, अशी एक समजूत आहे. ती समजूत मराठी माणसाने तरी धरू नये. सांगतो का ते.

२०१० ते २०१२ च्या सुमाराचे अँड्रॉइड फोन आठवा. त्यातल्या कित्येक फोनांवर एखादं मराठी संकेतस्थळ उघडलं की ओळींमागून ओळी नुसते चौकोन. मुंबईच्या दुकानात घेतलेला फोन, महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक, आणि त्या फोनला देवनागरी येत नाही! लोकांनी वाटा काढल्या. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडवळणाची सेटिंग होती. ती चालू केली की मजकूर अक्षरांऐवजी चित्र म्हणून यायचा आणि वाचता यायचा. दुसरी वाट रूटची. मुळाचा ताबा घ्यायचा आणि आतली फॉन्टची फाइल बदलून देवनागरी असलेली फाइल बसवायची. तरी जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर यायची, कारण अक्षरं असणं वेगळं आणि ती जुळवता येणं वेगळं. पण चौकोनांपेक्षा फुटकी मराठी बरी, असं म्हणून लोकांनी ते केलं.

पुढे अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी हळूहळू मुळातच आली, आणि २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीत ज्या १५ भाषांची नव्याने भर पडली त्यांत मराठी होती. म्हणजे फोनची बटणं, सूचना, सगळं मराठीत. आता या कामासाठी कुणी रूट करत नाही. चांगलंच झालं. पण मधल्या काळात काय घडलं ते लक्षात घ्या. ज्या गरजेची कंपनीला निकड वाटली नव्हती, ती किल्ली हातात असलेल्या माणसांनी स्वतः भागवली. रूटचं खरं मोल इथे आहे. जाहिराती बंद करणं, फोनचा वेग वाढवणं ही किरकोळ कामं झाली. बनवणाऱ्याच्या डोक्यात नव्हती अशी गरज वापरणाऱ्याला भागवता येणं, हे मोठं काम.

बाकीची कारणंही हळूहळू गळाली. जागा अपुरी पडायची, आता पडत नाही. जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसची सोय २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून सेटिंगमध्येच आहे. पडद्याचं चित्रण करायला रूट लागायचं, ते २०२० च्या अकराव्या आवृत्तीत आपसूक आलं. नको असलेली ॲप संगणकाला केबल जोडून रूटशिवाय निष्क्रिय करता येतात. २००९ साली स्टीव्ह काँडिकने सुरू केलेली सायनोजेनमॉड ही प्रणाली या हौशी जगाची राजधानी होती. तिची कंपनी झाली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये भारतात तिचे एकाधिकार कुणाकडे यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. मोकळेपणाचाच एकाधिकार! २०१६ च्या अखेरीस ते दुकान बंद झालं. तिचा वारसा लिनिएजओएस नावाने आजही चालू आहे.

म्हणजे पहिला निष्कर्ष असा की रूटची गरज कमी झाली. पण गरज कमी होणं वेगळं आणि किंमत वाढवून ठेवणं वेगळं. दुसरी गोष्टही घडली आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पूर्वपक्ष

आपल्या परंपरेत आधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडावं लागतं. तसा प्रयत्न करतो.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्यानंतर फोन हा फोन राहिलाच नाही, तो पाकीट झाला. आपल्या गावात बघा. मागावर काम करणारा माणूस पगार झाला की उत्तर प्रदेशातल्या नाहीतर तेलंगणातल्या घरी फोनवरूनच पैसे पाठवतो. मानकोलीच्या गोदामात काम करणाऱ्या पोराचा पगार खात्यात येतो आणि खातं फोनमध्ये. अशा फोनच्या आतल्या भिंती पाडायच्या? मुळाचा ताबा एकदा चुकीच्या ॲपच्या हाती गेला की तो प्रत्येक खोलीत शिरू शकतो. 'एका बटणात रूट' म्हणणारी निनावी ॲप तर हातात किल्ली देता देता तिची नक्कल करून घेतात की नाही, कोण बघायला गेलंय? शिवाय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेसाठी बँकांना सविस्तर निर्देश दिलेत. काही बिघडलं तर जाब बँकेला विचारला जाणार. मग बँकेचं ॲप उघडताना विचारतं, हा फोन शाबूत आहे का? गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची व्यवस्था उत्तर देते. आधी हेच काम सेफ्टीनेट करायची. उत्तर 'नाही' आलं की बँकेचं ॲप दार लावून घेतं.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. ज्याचं एकच खातं आणि एकच फोन आहे, त्या माणसाच्या अंगाने विचार केला तर तो भक्कम आहे. आता त्याची परीक्षा करू.

हेतू चुकतो कुठे

न्यायशास्त्रातलं उदाहरण शाळेपासून तुमच्या कानावर आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान बरोबर, कारण धूर आगीशिवाय नसतो. पण उलटं करून बघा. आग आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. इथे नैयायिक लगेच तापलेला लोखंडी गोळा पुढे करतो. आग आहे, धूर नाही. ज्या हेतूची साध्याशी सांगड अशी सुटते, त्याला सव्यभिचार हेतू म्हणतात. तो हेत्वाभास. दिसायला कारण, पण सिद्ध काहीच करत नाही.

आता बँकेच्या ॲपचं अनुमान तपासा. 'हा फोन सुरक्षित आहे, कारण त्याचं कुलूप कंपनीने लावलं तसंच आहे.' या अनुमानातला लोखंडी गोळा कोणता? पाच वर्षांत सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेला, भोकं पडलेला, पण कुलूप शाबूत असलेला फोन. तो या परीक्षेच्या नेहमीच्या पातळीवर पास होतो. कडक पातळीला अलीकडे ताज्या दुरुस्तीची अट घातली आहे हे खरं, पण ती पातळी लावायची की नाही हे ॲपवाला ठरवतो. उलट तसाच जुना फोन घेऊन कुणी त्यावर दर महिन्याला दुरुस्ती मिळणारी लिनिएजओएस टाकली, रूटसुद्धा केलं नाही, तरी तो नापास, कारण पहारेकऱ्याचं कुलूप उघडलेलं आहे. म्हणजे आजारी माणसाला तंदुरुस्तीचा दाखला आणि औषध घेतलेल्याला बंदी.

आणि प्रत्यक्षात पैसे जातात कसे? वाहनाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल येते, वर्तमानपत्रांत वारंवार वाचता तुम्ही. तिला रूट लागत नाही. तुम्ही घाबरून दिलेली एसएमएस वाचण्याची एक परवानगी तिला पुरते. कुलूप शाबूत, पहारेकरी जागा, आणि घर साफ.

बँकेची अडचण मला कळते. कोट्यवधी फोन ती एकेक करून तपासू शकत नाही, तिला ढोबळ खूण हवी. हरकत नाही. पण मग तिला सोय म्हणा. सोयीला सुरक्षा म्हटलं की तिच्यावर प्रश्न विचारायची सोय राहत नाही.

दुसरा मुद्दा साक्षीदाराचा. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. जो जाणतो आणि ज्याला खोटं सांगण्यात स्वार्थ नाही, तो आप्त. इथे साक्ष देतं गूगल. त्याला ज्ञान आहे, शंका नाही. पण अँड्रॉइडची कोणती आवृत्ती 'खरी' हे ठरवण्यात त्याचा स्वार्थ नाही, असं कोण म्हणेल? आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीपासून घातलेली गूगलची ॲप ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत, असंही एक कलम त्या आदेशात होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही कलमं रद्द केली, आणि त्यांत हे कलम गेलं. कंपनीला दंड झाला, ग्राहकाला किल्ली नाही मिळाली. न्यायाधीश आणि पक्षकार एकच असू नये, हे आपण ग्रामपंचायतीतही पाळतो. फोनमध्ये पाळत नाही.

अधिकार

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठीत आपण 'अधिकार' हा शब्द हक्क या अर्थाने वापरतो. मीमांसेत तो अधिक बारकाईचा आहे. जैमिनीच्या सूत्रांचा अख्खा सहावा अध्याय या एका प्रश्नावर आहे की यज्ञ करण्याचा अधिकार कुणाला. कर्माच्या फळाचा जो स्वामी, त्याचा अधिकार. आणि त्याला पात्रता काय लागते? तो अर्थी हवा, म्हणजे त्याला फळाची इच्छा हवी. समर्थ हवा, म्हणजे करण्याची शक्ती हवी. विद्वान हवा, म्हणजे काय करतो आहे हे त्याला कळत हवं. आणि शास्त्राने त्याला वगळलेलं नसावं. चार अटी.

रूट करू का असं विचारायला आलेल्या तरुणाला मी याच चार अटी विचारतो. तुला नेमकं काय हवं आहे? 'सगळे करतात म्हणून' हे उत्तर आलं तर तो अर्थी नाही, विषय संपला. बिघडलं तर निस्तरायला दुसरा फोन, संगणक, वेळ आहे का? तू काय करतो आहेस ते तुला कळतं का, की कुणाच्या तरी व्हिडिओवर बोट ठेवून चालला आहेस? चौथी अट, तुला वगळलं आहे का?

कायद्याने, नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आलं. तांत्रिक कुलूप तोडणं तिथे गुन्हा आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. आपल्याच फोनवर आपला फॉन्ट बसवणारा त्यात सापडत नाही. अमेरिकेतही २०१० साली स्मार्टफोनचं कुलूप उघडण्याला कायद्यातून सूट मिळाली होती. मग वगळतो कोण? कायदा नाही, ॲप वगळतं. कुठलंही विधिमंडळ न भरता, चर्चा न होता, एका तांत्रिक उत्तराने. शिक्षा काय? दंड नाही, तुरुंग नाही. फक्त तुमचा पैसा तुमच्या हाताला लागत नाही.

इथे मला या अधिकारचर्चेची काळी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी अर्धं सांगितलं असं होईल. त्याच सहाव्या अध्यायात शूद्राला अधिकार आहे का हा प्रश्न येतो. बादरी नावाचे आचार्य म्हणतात, सर्वांना अधिकार आहे. त्यांचं मत नोंदवलं जातं आणि फेटाळलं जातं. कारण काय दिलं? शूद्राला वेदाध्ययन नाही, म्हणून तो विद्वान नाही, म्हणून अधिकार नाही. आणि अध्ययन का नाही? कारण मनाई आहे. वर्तुळ पुरं झालं. विद्या द्यायची नाही, आणि विद्या नाही म्हणून अधिकार नाकारायचा. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने शाळा काढली तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते याच वर्तुळावर. आधी पात्र व्हा मग शाळेत या, असं नाही. शाळेत या म्हणजे पात्र व्हाल.

मी फोनच्या कुलपाची आणि जातीच्या अन्यायाची बरोबरी करत नाही, गैरसमज नको. एकाने माणसाचं माणूसपण नाकारलं. पण युक्तिवादाचा साचा ओळखीचा आहे एवढंच सांगतो. 'सामान्य ग्राहकाला कळत नाही, म्हणून त्याला किल्ली देऊ नये.' कळणार कुठून, उघडायलाच दिलं नाही तर?

आपल्याच गावातला पुरावा देतो. शटलचा साधा यंत्रमाग घ्या. पद्मानगरात, नागावात तो दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. कुठल्या कॉलेजात शिकला? कुठल्याच नाही. माग उघडा होता. पाना घेतला, खोलला, बिघडवला, पुन्हा जोडला, शिकला. सुटा भाग मिळाला नाही तर गावातल्या वर्कशॉपमधून करून आणला. या गावाचं निम्मं तंत्रज्ञान असं उघड्या यंत्रातून आलं आहे. आता नवे बिनशटलचे माग येतात, वेग चांगला, कापड चांगलं. पण त्यांच्या इलेक्ट्रॉनिक कार्डापुढे तोच मिस्त्री हात मागे घेऊन उभा राहतो. त्याची अक्कल कमी झाली नाही. यंत्र बंद झालं.

मीटरचं सील

आता तुम्ही म्हणाल, सर, घरातल्या विजेच्या मीटरला सील असतंच की. मीटर माझ्या भिंतीवर, पण मी ते तोडत नाही. भिवंडीत २००७ पासून वीजवितरण टोरंटकडे आहे, आणि इथे मीटरचा विषय काढला की सभा लांबते, म्हणून मी पटकन पुढे जातो. (हशा)

पण दाखला उत्तम आहे. सील मान्य का करायचं? कारण मीटर हे दोघांमधलं माप आहे. ते एकट्या माझ्या हातात असेल तर दुसऱ्याचं नुकसान. फोनमध्येही असा भाग आहे. सिम कंपनीचं आहे. रेडिओलहरी सार्वजनिक आहेत, त्यांच्याशी खेळून चालणार नाही. बँकेची गुप्त किल्ली ठेवायला चिपमध्ये वेगळी कुलूपबंद जागा असते, ती बंदच राहावी. हे सगळं मीटर. त्याला सील असो. पण मीटरला सील आहे म्हणून घरातले दिवे, पंखे, स्विच, वायरिंग सगळ्यालाच सील लावायचं? आणि मी पंख्याची जागा बदलली म्हणून वीज तोडायची? आज फोनमध्ये चाललंय ते हे. बँकेला आपली किल्ली सुरक्षित आहे का, एवढंच विचारता आलं पाहिजे. घरात कुणाचा पंखा आहे हे विचारायचं तिला कारण नाही.

आणि जी किल्ली कंपनीकडे असते, ती मागायला एक दिवस सरकार येतं. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं की 'संचार साथी' हे ॲप नव्या फोनमध्ये आधीपासून घाला. हेतू चांगला, चोरीचे फोन शोधणं, फसवणूक थांबवणं. पण देशभर आरडाओरड झाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली गेली. लोकांनी आवाज केला म्हणून. प्रत्येक वेळी होईलच असं नाही. आणि हे शक्य का होतं? कारण घराची किल्ली घरमालकाकडे नाही. ज्याच्याकडे आहे, त्याला एक पत्र पाठवलं की पुरतं.

मग करायचं काय

दिलेल्या शब्दाप्रमाणे उत्तर देतो.

ज्या फोनवर तुमची बँक, यूपीआय, पगार आहे, तो रूट करू नका. आज त्यातून मिळणारं थोडं आणि जाणारं फार. जी कामं रूटने व्हायची त्यांतली बहुतेक आता रूटशिवाय होतात. नको ती ॲप निष्क्रिय करा, डीएनएस बदला, परवानग्या तपासा. एकच फोन असलेल्या कष्टकऱ्याला रूट करायचा सल्ला देणं ही बेजबाबदारी आहे.

घरात जुना फोन पडला असेल, कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलं असेल, आणि तुम्हाला शिकायची हौस असेल, तर तो जरूर उघडा. आधी बघा, त्याचं कुलूप उघडायची अधिकृत वाट आहे का, लिनिएजओएसच्या यादीत तो आहे का. त्यावर बँक ठेवू नका. बिघडला तर बिघडला. घरातल्या मुलाला शेजारी बसवा. ती त्याची प्रयोगशाळा.

म्हणजे वैयक्तिक सल्ला 'नाही' असा आहे. पण तो देताना मला आनंद होत नाही, आणि तुम्हीही तो आनंदाने घेऊ नये. रूट निरुपयोगी ठरलं ते सगळंच तंत्रज्ञान सुधारलं म्हणून नाही. जो मालक होऊ पाहील त्याला बाजारातून आणि बँकेतून बाहेर काढण्याची व्यवस्था झाली म्हणूनही ते निरुपयोगी ठरलं. ज्या दारावर वीज सोडली आहे ते दार उघडू नकोस, असं मी मुलाला सांगेन. पण दारावर वीज सोडणं योग्य आहे, असं सांगणार नाही.

प्रश्नोत्तरे

एक तरुण श्रोता: सर, माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. रूट लपवणारी मॉड्यूल मिळतात. गिऱ्हाईक म्हणतं, तेवढं टाकून द्या, बँकेचं ॲप चालतं. टाकून देऊ का?

उत्तर: चालतं, आज. उद्याचं सांगता येत नाही. मॅजिस्क २०१६ साली जॉन वू या तरुणाने बनवलं. २०२१ मध्ये तो गूगलच्याच अँड्रॉइड सुरक्षा विभागात गेला, आणि रूट लपवण्याची सोय त्याने मॅजिस्कमधून काढून टाकली. दुसऱ्यांनी ती पुढे चालू ठेवली. हा पाठशिवणीचा खेळ आहे. तुमचं गिऱ्हाईक सात तारखेला गावी पैसे पाठवायला बसेल आणि ॲप म्हणेल, बंद. तेव्हा तुमचं दुकानही बंद असेल. (हशा) स्वतःच्या फोनवर खेळायचं तर खेळा. तो तुमचा आणि ॲपचा मामला. पण गिऱ्हाइकाला काय होतंय हे न समजावता त्याच्या फोनवर ते करू नका. त्याला विद्वान न करता समर्थ करणं, हा त्याच्यावर उपकार नाही.

एक श्रोत्या: सर, माझा फोन धडधाकट आहे, पण कंपनीने अपडेट बंद केलं. टाकून द्यायचा का?

उत्तर: ताई, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. महागड्या फोनांना आता सात-सात वर्षं अपडेटचं वचन मिळतं. गूगलने ते २०२३ मध्ये दिलं, सॅमसंगने २०२४ मध्ये. स्वस्त फोनांना, जे आपल्या गावात जास्त आहेत, इतकं मिळत नाही. युरोपने २० जून २०२५ पासून नियम केला की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावं लागेल. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण फोनच्या किल्लीचा हक्क अजून कुणी बोलत नाही. आपली मागणी एका ओळीची असावी. ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल, त्या दिवशी तिने कुलूप उघडायची किल्ली मालकाला द्यावी, आणि तेवढ्यावरून बँकेने त्याला बाहेर काढू नये. सांभाळणार नसाल तर सोडा. तोवर तुम्ही एवढं करा. बँकेची ॲप त्या फोनवरून काढा. रेडिओ ऐकायला, वाचायला, नातवंडांची गाणी लावायला तो ठेवा. आणि या भाऊंच्या दुकानात जाऊन विचारा की त्याचं कुलूप उघडतं का. त्यांना मी आत्ताच सांगितलंय, आधी समजावा मग उघडा.

वेळ संपली, संयोजक घड्याळ दाखवतायत.